भाऊंचा पीआर आणि नानांचं गप्प बसणं

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावद्याकडे कोणी माणूस धंद्यात वर आला की लोक हमखास म्हणतात, 'त्याचा पीआर चांगला आहे ना भो.' म्हणजे काय, तर तहसीलपासून मार्केट कमिटीपर्यंत सगळे त्याला ओळखतात, लग्नाच्या पत्रिका ढिगाने येतात, कुठे अडलं तर एका फोनवर काम होतं. नाहीतर मग पेपरात नाव येतं, चौकात फ्लेक्स लागतो, दिवाळीच्या पुरवणीत शुभेच्छुक म्हणून फोटो असतो. मी पुण्यात पीआरचा (पब्लिक रिलेशन्स, म्हणजे जनसंपर्काचा) डिप्लोमा केला आणि एका एजन्सीत चार वर्षं काढली, तिथे याच गोष्टींना जरा भारी शब्द होते, मीडिया रिलेशन्स, रेप्युटेशन, स्टेकहोल्डर, पण आत अर्थ फारसा वेगळा नव्हता. बातमी किती कॉलम सेंटिमीटर आली ते आम्ही पट्टीने मोजायचो आणि महिन्याच्या शेवटी क्लायंटला कात्रणांची फाईल पाठवायचो. दरवर्षी 21 एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून ऑफिसात केक कापायचो. चार वर्षांत मला एकदाही असा प्रश्न पडला नाही की या कात्रणांच्या पलीकडे जी माणसं आहेत ती आपल्याबद्दल खरंच काय म्हणत असतील.

तो प्रश्न मला घरी येऊन पडला, आणि फार महागात पडला.

आमची केळीच्या टिश्यूकल्चर रोपांची नर्सरी आहे. लॅब आमची नाही, लॅबमधून लहान रोपं येतात, आम्ही ती पिशवीत लावून शेडनेटखाली दीड-दोन महिने वाढवतो, पाच-सहा पानांची झाली की शेतकरी घेऊन जातात. जून-जुलैची लागवड म्हणजे मृगबाग, ऑक्टोबरच्या आसपासची म्हणजे कांदेबाग, वर्षभराचं आमचं सगळं गणित या दोन शब्दांवर चालतं. जळगावच्या केळीला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा भाऊंनी (माझे वडील, त्यांना सगळा तालुका भाऊच म्हणतो) नर्सरीत पेढे वाटले होते, जणू ते सर्टिफिकेट आमच्या घराच्या नावाने आलंय.

भाऊंचा पीआर म्हणाल तर जबरदस्त. कोणाकडे दुःख झालं तर तिसऱ्या दिवसाच्या आत दारावर जाऊन बसणार, लग्नाला नुसतं पाकीट पाठवणं त्यांना जमलंच नाही कधी, स्वतः जाणार. थंडी पडली की आमच्या शेतात भरीत पार्टी, ती पण अशी की चाळीस-पन्नास माणूस, कपाशीच्या काड्यांवर हिरवी मोठी वांगी भाजायची, लाकडी मुसळाने ठेचायची, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि पंगतीत भाऊ स्वतः वाढायला उभे. उधारी होती, पण वसुलीसाठी त्यांनी कोणाला तोंड वाईट केल्याचं मला आठवत नाही. एजन्सीत असताना मी मित्रांना अभिमानाने सांगायचो की आपण जे शिकलो ते माझे वडील न शिकता करतात. आज ते वाक्य मी तसंच्या तसं बोलणार नाही.

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी भाऊंची बायपास झाली आणि मी सुट्टी टाकून घरी आलो, सुट्टी वाढत गेली, शेवटी नोकरीच सोडली. ऐन मृगबागेचा सिझन. मी रोपं मोजून देत होतो, पैसे घेत होतो, गाड्या भरत होतो, बाकी मला काही कळत नव्हतं. एका बॅचची अठरा हजार रोपं अकरा शेतकऱ्यांकडे गेली. पाऊस लागला तो लागलाच, तीन आठवडे सूर्य दिसला नाही म्हटलं तरी चालेल, आणि जुलैमध्ये रोपांच्या पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले, नवीन पान बारीक आणि वाकडं, रोप जागच्या जागी थांबलेलं. कुकुंबर मोझॅक व्हायरस, आमच्याकडे याला हरण्या म्हणतात. यावर औषध नाही. आलेलं झाड उपटायचं, लांब नेऊन नष्ट करायचं आणि माव्याचा, म्हणजे पानातला रस शोषणाऱ्या बारीक किडीचा, बंदोबस्त करायचा, कारण या झाडावरून त्या झाडावर तो व्हायरस मावाच नेतो.

आता हा व्हायरस रोपात दोन रस्त्यांनी येऊ शकतो. मातृवृक्षच, म्हणजे लॅब ज्या झाडापासून रोपं तयार करते तेच झाड, बाधित असेल तर लॅबमधूनच, नाहीतर मावा चावून, मग तो मावा शेतातला असेल किंवा नर्सरीतलाही. म्हणजे दोष लॅबचा, आमचा की शेतकऱ्याच्या बांधावरच्या तणाचा हे नुसतं पान पाहून कोणीच सांगू शकत नाही. माझ्या डोक्यात मात्र एजन्सीचा माणूस जागा झाला. क्रायसिस आहे, म्हणजे आधी आपली बाजू मांडा, दुसऱ्याने बोलायच्या आत. मी लॅबच्या माणसाला फोन केला, त्याने सांगितलं आमच्याकडे टेस्टिंग होतं, आमचा विषय नाही. नर्सरीतल्या मुकादमाला विचारलं, तो म्हणाला आपल्याकडे फवारणी टाइमावर झालीय. झालं. मी रात्री बसून प्रेस नोट लिहिली की सततच्या ढगाळ हवामानामुळे शेतशिवारात मावा वाढून केळीवर विषाणूजन्य रोग आला आहे, रोपांमध्ये कोणताही दोष नाही, शेतकऱ्यांनी बांधावरचं तण काढावं, शेजारी काकडीवर्गीय पिकं घेऊ नयेत. मराठी चांगली होती, मुद्दे शास्त्रीय होते. दोन पेपरांच्या तालुक्याच्या पानावर आली. कात्रणाचा फोटो मी आमच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आठ-दहा अंगठे आले. नानांनी हात जोडलेला इमोजी टाकला.

मला वाटलं सावरलं.

नाना म्हणजे भाऊंचे शाळेपासूनचे दोस्त. त्या बॅचमधली पाच हजार खोडं त्यांच्याकडे गेली होती. ऑगस्टमध्ये एकदा सावद्याला कृषी केंद्रावर औषध घ्यायला गेलो तर दुकानदार सहज बोलून गेला, 'नानांच्या नांग्या भरून झाल्या का?' मी म्हटलं कसल्या नांग्या. तो एकदम गप्प झाला, वजनकाट्याकडे पाहायला लागला. हळूहळू बाहेर आलं ते असं, की नानांनी चौदाशे झाडं उपटली होती आणि त्या जागी लावायला दुसऱ्या नर्सरीतून रोपं आणली होती, ती पण संध्याकाळी उशिरा, आमच्या रस्त्यावरून न येता वळसा घालून, म्हणजे आम्हाला दिसू नये. केळीत नांग्या, म्हणजे झाड गेलेल्या मोकळ्या जागा, उशिरा भरल्या की झाडं मागेपुढे होतात, घड एका वेळी कापणीला येत नाहीत, सगळं वर्ष ते निस्तरावं लागतं. हे सगळं त्या माणसाने एक शब्द न बोलता केलं आणि आम्हाला हात जोडलेला इमोजी पाठवला.

मी तिथूनच नानांच्या शेतात गेलो. ते ठिबकच्या नळ्या साफ करत होते. मी विचारलं, नाना, सांगितलं का नाही? ते नळीत फुंकर मारत राहिले आणि मग म्हणाले, 'जाळी फाटेल होती तिकून, मागच्या बाजूनं. बाजूले काकडी होती. मी गाडी भरतानाच पाह्यलं होतं.'

खरं सांगतो, माझे पाय गळाले. शेडनेटची मागची बाजू फाटलेली होती आणि लागून शेजाऱ्याचा काकडीचा प्लॉट होता, आणि काकडी हे तर या व्हायरसचं हक्काचं घर, त्याच्या नावातच काकडी आहे, माझ्याच प्रेस नोटमध्ये मी लोकांना काकडी लावू नका सांगितलं होतं. मी त्या महिनाभरात नेटच्या मागच्या बाजूला एकदाही गेलो नव्हतो. नक्की तिथूनच आलं असं मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. पण नानांनी त्या दिवशी एक वाक्य बोललं असतं तर मी बाकीची रोपं थांबवली असती, त्यानंतर पण सहा-सात हजार रोपं गेली त्या बॅचमधली.

'मग तेव्हाच का नाही बोलले?'

'तुह्या बापाचं ऑपरेशन झालेलं, तो तिकडे दवाखान्यात, आन मी तुले सांगू का तुमची जाळी फाटेल हाये म्हनून? मले नाई जमलं बाप्पा ते.'

ऑपरेशन नसतं तरी ते बोलले नसते हे मला नंतर कळलं, कारण बाकीच्या दहा जणांकडे मी गेलो आणि प्रत्येकाने वेगळ्या शब्दांत हेच सांगितलं. एकाच्या पोरीच्या लग्नात भाऊ दोन दिवस राबले होते. एकाची उधारी तीन वर्षं थकली होती आणि भाऊंनी शब्द काढला नव्हता. एकाच्या वडिलांना भाऊंनी गाडीत घालून जळगावला दवाखान्यात नेलं होतं. अशा माणसाला तुमची रोपं वाईट निघाली असं कोणत्या तोंडाने सांगायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात, पण इथे भीड आम्हाला भिकेला लावत होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. आमचे संबंध इतके चांगले होते की खरी खबर आमच्यापर्यंत पोहोचायचा रस्ताच बंद झाला होता. आणि त्यावर मी पेपरातून त्यांनाच सांगितलं होतं की चूक तुमच्या बांधावर आहे.

त्या रात्री मी डिप्लोमाची जुनी पुस्तकं काढून बसलो. आयव्ही ली हा अमेरिकेतला सुरुवातीच्या काळातला पीआरवाला, हे नाव पीआर शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. 28 ऑक्टोबर 1906 ला अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचे डबे पुलावरून पाण्यात पडले, पन्नासच्या वर माणसं गेली, त्या काळी रेल्वे कंपन्या अपघात दाबून टाकायच्या पण लीने कंपनीला लपवू दिलं नाही, पत्रकारांना स्पेशल गाडीने जागेवर नेलं आणि स्वतः माहिती लिहून दिली. पहिली प्रेस नोट ती, असं मानतात, न्यूयॉर्क टाइम्सने जशीच्या तशी छापली. वर्गात गोष्ट इथे संपायची आणि सगळे खूश. पण याच लीची दुसरी गोष्ट आहे, ती एका ओळीत उरकायचे. 20 एप्रिल 1914 ला कोलोरॅडोतल्या ल्युडलोमध्ये संपावर गेलेल्या कोळसा खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, तंबू पेटले, वीसेक माणसं मेली, त्यात एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बाया आणि अकरा लेकरं होती. खाण रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातल्या कंपनीची. रॉकफेलरांनी लीला नेमलं आणि त्याने कंपनीची बाजू मांडणारी पत्रकं देशभर वाटली, त्यातली माहिती बरीच चुकीची निघाली. पुढे सरकारी आयोगासमोर त्याला विचारलं की हे तू तपासलं होतंस का, तर नव्हतं तपासलं, कंपनीच्या माणसांनी दिलं ते त्याने छापलं होतं.

हे वाचलं आणि पुस्तक मिटलं मी. लॅबचा माणूस म्हणाला, मुकादम म्हणाला, मी छापलं. आयोग नव्हता बसला माझ्यावर एवढंच.

(आमचा तो केक कापायचा दिवस 21 एप्रिल आणि ल्युडलो 20 एप्रिल. दोघांचा काही संबंध नाही, आपला दिवस 1968 च्या दिल्लीतल्या परिषदेवरून ठरलाय, पण आता ती तारीख आली की मला आदल्या दिवसाची आठवण येतेच.)

पुढची गोष्ट मात्र मला पीआरच्या सगळ्या इतिहासात जास्त मोलाची वाटते. 1915 साली धाकटे रॉकफेलर स्वतः कोलोरॅडोला गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या घरी गेले, त्यांच्यासोबत जेवले, एका रात्री खाणकामगारांच्या बायकांसोबत नाचले. त्यात दिखावा किती आणि खरं किती यावर वाद घालता येईल, कामगारांना स्वतंत्र युनियन त्यांनी तेव्हाही दिली नाही. पण मालक जागेवर गेला आणि त्याला ऐकावं लागलं, हे पत्रकातून होण्यासारखं नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून जवळचं आहे. ऑक्टोबर 2003, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या, महाराष्ट्राच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) प्रकरण हातात घेतलं. कंपनीचं पहिलं म्हणणं काय होतं, तर दुकानदार नीट साठवत नाहीत. म्हणजे मावा तुमच्या बांधावरचा. लोकांनी ते ऐकून घेतलं नाही. मग कंपनी दुकानदारांपर्यंत गेली, साठवण कशी करायची ते दाखवलं आणि जानेवारी 2004 मध्ये पॅकिंगच बदललं, आत फॉइल आणि वरून सील केलेलं वेष्टन. लोकांना त्यातली अमिताभ बच्चनची जाहिरात आठवते. मला ते वेष्टन आठवतं, कारण जाहिरात नंतर बोलली, आधी वेष्टन बदललं म्हणून तिला बोलता आलं. 1982 ची टायलेनॉल या अमेरिकेतल्या वेदनाशामक गोळीची गोष्ट पण अशीच, शिकागोत कोणीतरी बाहेरच्याने गोळ्यांमध्ये विष घातलं, सात माणसं गेली, चूक कंपनीची नव्हती तरी तिने देशभरातून तीन कोटींच्या वर बाटल्या परत घेतल्या. चूक कोणाची हे ठरायच्या आत माणसाने काय केलं ते लोक पाहतात.

आणि आम्हाला वर्गात जी गोष्ट सगळ्यात चमकदार म्हणून दाखवायचे ती एडवर्ड बर्नेज या अमेरिकेतल्या पीआरवाल्याची, 1929 च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बायकांना सिगारेट ओढत चालायला लावलं आणि पेपरवाल्यांना सांगितलं या स्वातंत्र्याच्या मशाली आहेत, मागे पैसा तंबाखू कंपनीचा हे मात्र कोणाला सांगितलं नाही. मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं. आता वाटत नाही. माणसाला फसवून मिळवलेली टाळी आहे ती.

परीक्षेत मी ग्रुनिग आणि हंट या अभ्यासकांनी 1984 साली मांडलेले पीआरचे चार प्रकार लिहिले होते, दहापैकी आठ मार्क. त्यातला चौथा प्रकार असा, की संवाद दोन्ही बाजूंनी चालतो आणि ऐकल्यावर कंपनीलाही बदलायची तयारी ठेवावी लागते. लिहिताना मी 'दोन्ही बाजूंनी' याखाली रेघ मारली होती. भाऊंचं देणं-घेणं दोन्ही बाजूंनी होतं, प्रेम होतं, जाणं-येणं होतं, पण आमच्याकडे येणारी तक्रार तेवढी बंद होती, हे मला रेघ मारताना कुठून कळणार.

भाऊंना सांगणं फार जड गेलं. ऑपरेशनला तीन महिने झाले होते. मी सगळं सांगितलं, जाळी, काकडी, नांग्या, वळसा घालून आलेली गाडी. त्यांना नुकसानीचं वाईट वाटलं नाही, वळशाचं वाटलं. 'माझ्या दारावरून नाही आला तो?' एवढंच म्हणाले आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी अकराही जणांना नानांच्या शेतात बोलावलं, लिंबाखाली. आमच्या शेतात मुद्दाम नाही बोलावलं, आपल्या घरी आलेला माणूस चहा पितो आणि बरं आहे म्हणतो. मी उभं राहून सांगितलं की पेपरात जे छापलं ते मी न तपासता लिहिलं, जाळी फाटलेली होती, शेजारी काकडी होती, रोग कुठून आला हे मला माहीत नाही पण ज्याने जेवढी झाडं उपटली तेवढी रोपं पुढच्या लागवडीला आमच्याकडून बिनपैशाची. सगळी मिळून सहा हजारांच्या वर भरली, लाखाच्या आसपास गेले. हेच मी त्या दोन पेपरांना पण लिहून दिलं, एकाने आत चार ओळी छापल्या, दुसऱ्याने नाही छापलं. दोन शेतकरी तरीही परत आले नाहीत आमच्याकडे. एक तर आजही रस्त्यात भेटला की नुसतं हसतो आणि निघून जातो, आणि त्याचं मला वाईट वाटतं, पण त्याचा तो हक्क आहे.

तेव्हापासून एक पद्धत ठेवलीय. रोपं गेली की पंधराव्या दिवशी आणि चाळिसाव्या दिवशी आमच्याकडून माणूस शेतात जातो. मी जात नाही, भाऊ तर नाहीच. नंदुरबारकडचा एक कृषी पदविका झालेला पोरगा ठेवलाय, त्याचा या तालुक्यात कोणी नातेवाईक नाही, कोणाच्या लग्नात तो वाढायला नव्हता, त्याच्यापुढे लोक मोकळे बोलतात. त्याने 'रोपं कशी आहेत' असं विचारायचं नाही, कारण त्याला उत्तर बरी आहेत असंच येतं. विचारायचं की यात वाईट काय निघालं. पहिल्या वर्षी लोक गोंधळायचे. मग एक जण म्हणाला पिशव्या गाडीतच फुटतात, एक म्हणाला मोजणीत शेकड्याला दोन-तीन कमी येतात, एक म्हणाला तुमचा मुकादम चांगली रोपं ओळखीच्यांना देतो. शेवटचं ऐकून मला राग आला होता. तपासलं तर खरं होतं.

अमळनेरचा एक जुना मित्र मला म्हणाला, तू हे पीआर म्हणतोस, हे तर सर्व्हिस झालं. त्यांच्या गावात 1945 साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली तीच पुढे विप्रो झाली, तिचे जुने शेअर राखून बसलेल्या घरांच्या गोष्टी तो नेहमी सांगतो, आणि त्याचं म्हणणं पीआर म्हणजे लोकांचा तुमच्यावर विश्वास बसणं. असेल. पण विश्वास तर नानांचाही होता भाऊंवर, काठोकाठ होता. त्या विश्वासातच चौदाशे झाडं गेली. म्हणून मी आता त्याला म्हणतो की माझ्यावर विश्वास किती हे मला मोजायचं नाही, माझी जाळी फाटली तर किती दिवसांत मला कोण सांगतं तेवढं मला मोजायचंय.

भरीत पार्टी अजून होते, ती बंद करायचा प्रश्नच नाही. यंदा मृगबागेच्या रोपांना गाडी लागायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नाना आले. हातात काठी. आत न येता बाहेरूनच शेडनेटला चक्कर मारायला लागले, काठीने जाळी ठिकठिकाणी दाबून पाहत, आणि भाऊ त्यांच्या मागे मागे, हल्ली ते हळू चालतात. मागच्या कोपऱ्यात नाना थांबले आणि ओरडले, 'हे पाह्य, इथं पुन्हा उसवलं! काय लक्ष असते तुमचं?' मी आतून धावत गेलो. तोवर भाऊंनी बंडीच्या खिशातून दाभण आणि नायलॉनची दोरी काढून नानांच्या हातात दिली होती.